किलोमीटरला दहा रुपये

मॅरेथॉन धावणं त्यातल्या त्यात सोपं. रस्ता निदान ‘संस्था नोंदणीकृत आहे का?’ असं विचारत नाही. दमछाक होते ती त्याआधी, देणग्या मागताना.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटेच्या अंधारात हजारो माणसं सीएसएमटीसमोर जमतात आणि त्यांतले बरेचजण कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी निधी गोळा करत असतात. माझी संस्था बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी काम करते. अठरा पूर्ण झाली की कायद्याने मूल मोठं होतं आणि बालगृह सुटतं. पुढे एकविसापर्यंत आधार देण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे, पण घरमालक डिपॉझिट म्हणून तरतूद घेत नाही. आमचे अठरा वर्षांचे चिरंजीव ओला टॉवेल कुठे टाकू म्हणून अजून मला हाक मारतात. त्याच वयाच्या दुसऱ्या पोराला खोली, नोकरी आणि रोजचं जेवण, सगळं एकदम शोधायचं असतं. हे मी घरोघरी सांगितलं. लोकांना पटलंही. मग ते म्हणाले, “पण त्यासाठी तू का धावतेस?”

मामींनी तर हिशेबच मांडला. “बुटांना किती पडले गं? तेवढे त्या पोरांना द्यायचेस आणि घरी बसायचंस. गुडघे तरी वाचले असते.”

बिनतोड. पण मी नुसतीच मागायला गेले असते तर मामींनी विषय पोह्यांवर नेला असता. आपल्याकडे देवसुद्धा साध्या विनंतीला पावत नाही. अनवाणी या, लोटांगण घाला, मग बघू. देणगीदाराचंही तेच. समोरचा थोडा तरी झिजतोय याची खात्री पटल्याशिवाय त्याचा हात खिशात जात नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन टाकलं. नमस्कार आले, अंगठे आले, पळणाऱ्या बायकांची चित्रं आली. पैसे तेवढे आले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र गंभीरपणे चौकशी केली, “८०जी आहे ना?” आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते लिफ्टपाशी भेटले. “अगं, मी नव्या कररचनेत गेलोय. तिथे ही सवलतच नाही.” चेहरा इतका पडला होता की मीच त्यांचं सांत्वन केलं.

सगळ्यात सावध निघाले आमचे थोरले दीर. “किलोमीटरला दहा रुपये देईन. धावशील तेवढेच.” आगाऊ? छे! काम पूर्ण झाल्याशिवाय भाऊजींनी सुतारालाही कधी पैसे दिलेले नाहीत.

एरवी सी-लिंकवर पायी जायला बंदी. शर्यतीच्या दिवशी तिथून धावताना समुद्राचा वारा असा लागतो की आपण फार थोर आहोत असं वाटायला लागतं. हा गैरसमज पेडर रोडच्या चढावर उतरतो. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभी असतात, “बस, आता थोडंच राहिलंय” असं धडधडीत खोटं बोलत असतात. मला वाटलं, बसावं फुटपाथवर. पण इथे बसले तर भाऊजींचे जवळजवळ पन्नास रुपये वाचणार! त्या विचाराने जे बळ आलं ते कुठल्याही एनर्जी जेलने येणार नाही.

शर्यत संपल्यावर भाऊजी म्हणाले, “बेचाळीस किलोमीटर, म्हणजे चारशेवीस.” मी अडवलं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची होती, म्हणून ती तेवढी भरली, आणि १९२१ पासून तेच अंतर कायम झालं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या कृपेने आमच्या मुलांना एक रुपया पंच्याण्णव पैसे जास्तीचे मिळाले. शिवाय देणगीच्या पावतीवर चारशेवीस आकडा बराही दिसला नसता.

यंदाही धावणार आहे. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर ८०जीची सवलत मिळत नाही, तेव्हा यूपीआयच करा. नव्या कररचनेत असाल तरी चालेल.