बंद गाडी, चालू बॅटरी : गडमुडशिंगीकरांसाठी मार्गदर्शिका

गडमुडशिंगीच्या शिवाराला लागून रात्री लख्ख उजळणारा रस्ता एकच : कोल्हापूर विमानतळाची धावपट्टी. ती लांबवायला गावाची जमीन गेली, पण तिच्यावर मोटरसायकल घालायची सोय अजून झालेली नाही. आपल्या वाट्याला उचगावहून मुडशिंगी, पट्टणकोडोली करत हुपरीला जाणारा रस्ता. त्या रस्त्यावर आपली गाडी कधीच बंद पडणार नाही, अशी ज्यांची खात्री असेल त्यांनी इथंच थांबावं. बाकीच्यांनी पुढील पायऱ्या क्रमानं पाळाव्यात.

पायरी १ : मोबाईलला त्याचं काम करू द्या

“मोबाईलला बॅटरी हाय की!” असं म्हणून निघालेल्या माणसाला रात्री साडेअकराला मोबाईलकडून चार कामं हवी असतात. मेव्हण्याला उठवणं, मेव्हणा उठेना म्हणून मित्राला उठवणं, घरी “आलोच” असं खोटं सांगणं आणि चाकाखाली उजेड पाडणं. पैकी चौथं काम पहिल्या तिन्हींचा जीव खातं. मोबाईल बोलण्यासाठी राखून ठेवा. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आहे, पण तो पुणे-बेंगळुरू महामार्गावर असाल तेव्हा. हुपरी रस्त्यावरून तो लावून पलीकडच्याशी हुज्जत घालू नये.

पायरी २ : खरेदी

गांधीनगरची घाऊक बाजारपेठ शेजारी असताना बॅटरीसाठी लांब जाण्याचं कारण नाही. खोक्यावर उजेड किती किलोमीटर जातो ते छापलेलं असतं, तिकडं दुर्लक्ष करावं. तुम्हाला पंक्चर झालेलं चाक बघायचंय, पन्हाळा नव्हे. बटण घट्ट आहे का, पावसात पाणी शिरेल का आणि हातातून पडली तर पुन्हा लागेल का, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार “टाकून बघू नका” म्हणाला, तर उत्तर मिळालं असं समजा.

कुठली घ्यावी हे दुकानदारापेक्षा ऊस पाजणाऱ्या शेतकऱ्याला विचारलेलं बरं. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला आली की तो सरीतून फिरतो. एका हातात खोरं, दुसऱ्या हाताला दार मोडायचं काम आणि बांधावर घोणस असण्याची दाट शक्यता. म्हणून त्याची बॅटरी डोक्याला बांधलेली असते. चाक बदलताना हीच लागते. बॅटरी दातात धरून पाना फिरवणाऱ्याला मदतीसाठी हाकही मारता येत नाही.

पायरी ३ : जोड

एक बॅटरी म्हणजे नवस, दोन म्हणजे तयारी. पण दोन्ही चार्जिंगच्या, दोन्ही दिवाळीत चार्ज केलेल्या आणि दोन्ही होळीपर्यंत विसरलेल्या असतील, तर त्या दोन नव्हेत. एकच, दोनदा बंद पडलेली. म्हणून एक चार्जिंगची ठेवा आणि दुसरी साध्या सेलची. दीड व्होल्टचे सेल बॅटरीत न घालता शेजारी वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आत पडून राहिले की ते पाझरतात, पत्र्यावर पांढरट थर चढतो आणि बॅटरी कायमची जाते. चार्जिंगची बॅटरी एप्रिलच्या उन्हात काचेखाली ठेवू नका. लिथियमचा सेल उष्णतेनं लवकर म्हातारा होतो.

तपासणी कधी करावी? अमावस्येला गाडीला नवं लिंबू-मिरची बांधतोच, त्याच वेळी. लिंबू पिवळं पडलं हे आपल्या लक्षात येतं, सेल उतरलाय हे येत नाही. शिवाय मधल्या काळात घरच्या टीव्हीच्या रिमोटनं ते सेल पळवलेले असण्याचा संभव असतो.

पायरी ४ : जागा

बॅटरी डिकीत रेनकोट, जुनं फडकं आणि विम्याचे कागद यांच्या खाली ठेवण्याची प्रथा आहे. ती शोधायला बॅटरी लागते. डोळे मिटून हात घातला की सापडेल, ती जागा योग्य.

पायरी ५ : प्रत्यक्ष प्रयोग

आपल्याला दिसावं म्हणून बॅटरी असते, असा सार्वत्रिक समज आहे. रात्रीच्या रस्त्यावर आपण दिसावं, हे तिचं पहिलं काम. गळीत हंगामात या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. ऊस बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असला तर असला आणि गाणी मात्र पुढच्या गावाला ऐकू जातील अशी. त्यांच्या मागून ताशी ६० किलोमीटरनं येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर तोडते. तुम्ही ५० मीटर मागे लाल त्रिकोण ठेवलात, तर तिच्या ड्रायव्हरला तीन सेकंद मिळतात. त्रिकोण नसेल तर तेवढ्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, डांबराबाहेर उभं राहून बॅटरी हलवणारा माणूस हवा. उजेड रस्त्यावर मारा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत नको. दिपलेला ड्रायव्हर नेमका उजेडावर येतो.

पायरी ६ : सल्लागार

पाचव्या मिनिटाला चार मोटरसायकली थांबतील. ही माणसं चांगली असतात. अपघातात मदत करणाऱ्याला त्या मदतीपायी खटल्यात गुंतवता येत नाही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालून केली आहे. मुडशिंगीकर मात्र कलम विचारून थांबत नाहीत. अडचण एवढीच, की चौघंही “काय झालंय भावा?” म्हणत तुमच्या मागच्या दिव्यासमोर ओणवे होतात आणि चालू असलेला एकमेव लाल दिवा झाकतात. एकाला मागे बॅटरी घेऊन पाठवा, एकाला पाना द्या, उरलेल्यांना डांबराखाली उतरवा आणि तिथून खुशाल सल्ला देऊ द्या.

पायरी ७ : समारोप

चाक बदललं, गाडी सुरू झाली, आभार झाले, नंबर घेतले. आता निघायची घाई करू नका. त्रिकोण नव्हता म्हणून मघाशी गाडीमागे चार दगड मांडले होते. आपल्याकडे दगड मांडायला दहा हात येतात, उचलायला एकही राहत नाही. पहाटे दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्याला ते दगड चाकाखाली आल्यावरच कळतात. तेव्हा बॅटरी खिशात घालण्याआधी मागे चालत जा, दगड मोजा आणि गटारापलीकडे टाका. चारच मांडले होते आणि सहा सापडले, तर सहाही उचला.