चोवीस आरे, एक पाठकोरा कागद

ऑगस्टचा पहिला आठवडा उलटला की मेहकर तालुक्यातल्या घराघरांत शाळेचा निरोप येऊ लागतो. तुमच्या मुलाला भगतसिंग करायचे आहे, पोशाख आणा. मुलगी झाशीची राणी होणार, तलवार हवी. समूहनृत्याला सगळ्यांचे कपडे एकसारखे पाहिजेत. इकडे माय सोयाबीनच्या निंदणाला गेलेली असते आणि तिची दिवसाची मजुरी त्या पोशाखाच्या भाड्यात जाते. ज्या घरी तेवढेही निघत नाहीत, त्या घरचे लेकरू त्या दिवशी मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवते. स्वातंत्र्याच्या दिवशी गरिबाच्या पोराला मागची रांग दाखवणारा कार्यक्रम मला मान्य नाही.

शाळांकडे पैसा नाही, हे खरेच आहे. तीसपर्यंत पट असलेल्या वाडीवस्तीवरच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाकाठी १०,००० रुपयांचे अनुदान. त्यात खडू आणायचे, दुरुस्ती करायची आणि विजेचे बिलही भागवायचे. म्हणून पालकांच्या खिशाकडे हात जातो. पण पंधरा ऑगस्ट शिकवायला पैसा लागतो, हे कोणी ठरवले?

झेंड्यापासूनच घ्या. प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कागदी झेंडा जमिनीवर टाकू नये, असे ध्वजसंहिता सांगते. तरी दरवर्षी १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्याकडेच्या चिखलात झेंडे सापडतातच. ते गोळा करून शाळेत आणून देणे हा त्या दिवसाचा पहिला तास असला पाहिजे. खर्च शून्य.

दुसरा तास अशोकचक्राचा. पाठकोऱ्या कागदावर पेला उपडा ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा, गोल कापून घ्या. मधोमध दुमडा, पुन्हा दुमडा, आणखी एकदा दुमडा. आठ भाग झाले. आता हाती राहिलेल्या निमुळत्या फोडीच्या तीन सारख्या घड्या घाला आणि कागद पूर्ण उलगडा. मध्यातून निघालेल्या चोवीस रेघा समोर असतात आणि दोन रेघांमध्ये पंधरा अंश. तिसरीच्या पोराची शेवटची घडी वाकडी जातेच. जाऊ द्या, दुसरा कागद द्या. मग बाजारातून आणलेल्या झेंड्यावरचे आरे मोजायला लावा, लांबी-रुंदी तीनास दोन आहे का तेही पट्टीने बघायला लावा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला, ही तारीख त्या घडीसोबत डोक्यात बसते. भाषण पाठ करून ती बसत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मिठाचा धडा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले, हे प्रत्येक पोराला पाठ असते. पण वऱ्हाडाला समुद्र कुठे आहे? समुद्र नाही, खारपाणपट्टा आहे. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी मीठ काढले आणि सरकारचा कायदा मोडला. आपल्या मेहकरच्याच जिल्ह्यात शेगाव-संग्रामपूरकडे विहिरीचे पाणी आजही खारट लागते. स्टीलच्या ताटलीत मूठभर मिठाचे पाणी पातळ ओतून ती शाळेच्या ओट्यावर उन्हात ठेवा. ऑगस्टात ऊन नसते, तेव्हा खिचडीच्या चुलीवर आटवा. २६ जानेवारीच्या आधी केले तर ऊन पुरते. कडेने पांढरी खपली धरू लागली की पोरे आपणहून विचारतात, एवढ्याशा मिठासाठी माणसे तुरुंगात कशी गेली? त्या प्रश्नाला उत्तर देणे हे गुरुजींचे काम. मिठावर कर होता, घरी मीठ करणे गुन्हा होता आणि तो कर मजुरालाही चुकत नव्हता, एवढे चौथीच्या मुलाला नीट समजते.

आणि मेहकरच्या पोरांना आपल्या तालुक्याची गोष्ट कोण सांगणार? १५ ऑगस्ट १९४७ ला मेहकर स्वतंत्र झाले. लोणार तेव्हा मेहकर तालुक्यातच होते. पण लोणारहून मंठ्याकडे निघाले की पुढे निजामाचा मुलूख लागायचा, आणि तिथल्या माणसांना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. वर्गात फरशीवर खडूने ती सीमा आखा. निम्मा वर्ग मेहकरच्या बाजूला, निम्मा मंठ्याच्या. इकडच्यांनी जयघोष करायचा, तिकडच्यांनी गप्प उभे राहायचे. कोणाचा मामा पलीकडे आहे, कोणाची आत्या पलीकडे दिली आहे, ते विचारा. जालना-हिंगोलीकडे सोयरीक नाही असे घर आपल्याकडे शोधावे लागेल. मग घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायला सांगा, रझाकारांच्या दिवसांत कोण कुठून निघून आले, कोणाच्या गोठ्यात राहिले. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. हा उपक्रम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखा नाही.

संविधानाची उद्देशिका परिपाठात रोज म्हटली जाते, त्यात आणखी पाठांतर नको. त्याऐवजी वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून वर्गाचा प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडा. गुरुजींचा लाडका पडला तरी निकाल बदलू नका.

कोणी म्हणेल, पालकांनाच नाच हवा असतो. असू द्या. लेकरांनी नाचावे, गावे, खुशाल नाचावे, पण शाळेच्या गणवेशात. गणवेशात सगळे सारखे दिसतात, आणि त्या दिवशी तेच दिसायला हवे.

मुख्याध्यापकांना विनंती आहे की पोशाखाचा निरोप या वर्षी पाठवू नका. गणवेश धुऊन, तुटलेले बटण लावून या, एवढेच कळवा. आणि आयाबायांनो, निरोप आलाच तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत उभ्या राहून नाही म्हणा. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात.