वास आला, भाव कळला

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कढीपत्त्याच्या बाजूला. तिथून आमच्या ह्यांना ऐकू जात नाही. कॅप्टनच्या धाकटीचा साखरपुडा झाला ना परवा, आणि तुम्ही नेमक्या बदलापूरला! काय काय हुकलंय तुमचं म्हणून सांगू. जेवण सोडा, जेवण ठीकच होतं, मसालेभात जरा चिकट झाला होता... पण वास! अहो, एका वासावरून अख्खं रामायण घडलं.

सकाळी मी गेटापाशी पेपरवाल्याशी हिशेबावरून वाद घालत होते. तेवढ्यात कॅप्टन बाहेर पडले. करड्या रंगाचा सूट, बूट चकचकीत, आणि पाठोपाठ हा लोट! मला वाटलं, झालं, सोडलं पुन्हा कुठल्या तरी कंपनीनं हवेत काहीतरी. आपल्या एमआयडीसीत दुसरं काय मनात येणार? पलीकडच्या मास्तरीणबाईंनी तर धडाधड खिडक्या लावून घेतल्या आणि नातवाला ओरडल्या, “आत ये आधी!” कॅप्टन आपले हसून हात हलवतायत. त्यांना वाटलं, ‘आत ये’ त्यांनाच!

इनोव्हात त्यांच्याबरोबर त्यांची बहीण, मेव्हणे आणि बँकवाल्या वहिनी. घरडा सर्कलला ट्रॅफिक, मे महिन्याचं ऊन, आणि एसी असून चारही काचा खाली! बँकवाल्या वहिनींनी मला स्वतः सांगितलं, नवी कोरी नारायणपेठ, पण पदर नाकावरून खाली म्हणून घेतला नाही. आधी नेलपॉलिशसारखा भपकारा, मग काहीतरी कडू, हिरवंगार, आणि त्याच्या खालून काहीतरी... कसं सांगू, जनावराचं. मेव्हणे तर म्हणे हॉलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आणि ते मेव्हणे म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, झोपेतसुद्धा बोलतात.

तर काय सांगत होते... हां, हॉल. मुलाकडची मंडळी पुण्याची. दारात गुलाबपाणी, अत्तर, सगळं साग्रसंगीत. कॅप्टनच्या बहिणीनं विहीणबाईंच्या हाताला अत्तर लावलं. विहीणबाईंनी हात नाकाशी नेला, आणि त्यांना अत्तर काही येईना! येतोय तो शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टनचा वास. एक शिंक, दोन शिंका... मग रुमालाआडून म्हणतात कशा, “काय हो, हॉलमध्ये आजच पेस्ट कंट्रोल केलंत का?” अहो, कॅप्टनवहिनींचा चेहरा असा पडला, असा पडला, की मला ओटीचं तबक त्यांच्या हातातून काढून घ्यावं लागलं. आणि कॅप्टन? “छे छे, सकाळी फवारलंय, पण मी मलाच!” या माणसाला जहाज चालवायला दिलं होतं कोणी...

आता मुलाचा मामा. तो आला नसता तर सगळं तिथेच मिटलं असतं. एकटाच राहतो, बायको नाही, बाटल्या आहेत. दारूच्या नव्हे हो! परफ्युमच्या, कपाटभर. तो बसला होता स्टेजच्या बाजूला, पार दुसऱ्या टोकाला. भटजींचं चाललंय, अंगठ्या निघतायत, आणि हा मधेच उठला. नाक वर करून, खुर्च्यांमधून वाट काढत थेट कॅप्टनपाशी. कॅप्टनचा हात धरला, मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटून उभा! फोटोग्राफरनं फोटोही काढला, अंगठी घालतानाचा राहिला तो राहिलाच. मग मामा डोळे उघडून म्हणाला, “पातू पूर ऑम. जुना. कुठून आणलात?”

म्हणजे तेच हो, पॅरिसच्या जाँ पातूचं. सुझान लेंग्लेनचे टेनिसचे कपडे शिवणारा तो. त्याचं ‘जॉय’ नाही का १९३० चं, तीस मिलीला १०,६०० मोगऱ्याच्या जातीची फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात असं मिरवणारं? त्याच्याच कंपनीनं १९८० मध्ये हे पुरुषांसाठी काढलं. केलं कोणी, तर त्यांच्या घरच्या जाँ केर्लेओनं. लॅव्हेंडर, पचौली, चंदन... मामा मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून सांगत होता, मठ्ठा काही प्यायला नाही शेवटपर्यंत.

चंदनावर आला तेव्हा कॅप्टनना जरा चेव आला, “म्हणजे माल आपलाच!” तसं ते खरंच आहे, म्हैसूरचा सरकारी चंदनतेलाचा कारखाना १९१६ पासूनचा, जगभरचे अत्तरवाले आपल्याच दारात यायचे. पुढे झाडं कमी झाली, भाव चढले आणि मंडळी दुसरीकडे वळली. पण मग विहीणबाईंनी विचारलं, “आणि तो जनावराचा वास कसला?” मामा म्हणाला, “जवादी मांजर. पूर्वी त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून काढायचे, आता प्रयोगशाळेत करतात.” विहीणबाईंच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली, आणि पुन्हा काही उचलली नाही.

अहो, पण ऐका ना, मजा पुढेच आहे. जेवणं सुरू होईतो त्या वासानं रंगच बदलला! भपकारा गेला, कडूपणा गेला. मागे राहिलं ते मऊ, लाकडासारखं, किंचित गोड. मामाचं म्हणणं, जुन्या बाटलीत वरवरचे हलके वास आधी बिघडतात, लिंबाबिंबाचे वगैरे, म्हणून पहिली दहा मिनिटं नाक मुठीत धरायचं. तळातले जड असतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. आणि वर कॅप्टनना झापलंही, “आठ फवारे? अहो, एक! शर्टाच्या आत, छातीवर, घरून निघण्याच्या अर्धा तास आधी. आणि हे थंडीचं आहे, मे महिन्याचं नाही.” कॅप्टन शाळकरी पोरासारखे खाली मान घालून उभे.

म्हणजे बघा, इनोव्हावाल्यांना मिळाला भपकारा आणि पंगतीवाल्यांना मिळालं चंदन. मुलाची आत्या कॅप्टनच्या शेजारी जेवायला बसली होती, ती आपल्या नवऱ्याला म्हणते, “तुम्ही का नाही हो असलं काही लावत?” त्यांचा घास तसाच हातात. आणि इकडे बँकवाल्या वहिनी तावातावाने त्याच वासाला नावं ठेवतायत! दोघीही खऱ्या, पण दोघींची जुंपली की.

मग कोणीतरी विचारलं... कोणीतरी काय, मीच विचारलं, खोटं कशाला बोलू, “मिळतं का हो हे कुठे?” मामा हसला. बंदच झालं म्हणाला. आणि त्या घराण्याची भाऊबंदकी तर पेपरात येऊन गेलेलीच आहे. २००१ मध्ये पातूचे परफ्युम घेतले प्रॉक्टर अँड गँबलनं, हो, आपल्या व्हिक्सवाल्यांनी. २०११ मध्ये ते विकले डिझायनर पार्फम्स नावाच्या कंपनीला. त्यांनी २०१३ मध्ये थॉमस फाँतेन नावाच्या परफ्युम करणाऱ्याकडून हे पुन्हा करून घेतलं, पण नाव तेच, वास दुसरा. आणि २०१८ मध्ये एलव्हीएमएचनं पातू घेतलं, त्याच वर्षी त्यांच्याच डिऑरनं स्वतःच्या नव्या परफ्युमचं नाव ठेवलं ‘जॉय’! सुनेनं सासूचे पाटल्या-बिलवर घालून सासूलाच घराबाहेर काढावं ना, तसं. जुन्या पातूच्या बाटल्या दुकानांतून गेल्याच मग.

“अहो, पण पुन्हा करायला काय जातं?” मेव्हण्यांना अखेर वाचा फुटली. तर म्हणे करताच येत नाही जसंच्या तसं. असल्या जुन्या पुरुषी परफ्युमांत ते ओकमॉस असायचं, ओकच्या झाडावर वाढणारं. आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचंच चुलत भावंड. त्यातल्या दोन घटकांनी कातडीला ॲलर्जी होते म्हणून युरोपनं २०१७ मध्ये नियम केला, २०१९ नंतर तसला नवा माल नाही, २०२१ नंतर दुकानात जुनाही नाही. आता ते दोन घटक काढून टाकलेलं ओकमॉस वापरतात. आमच्या मास्तरीणबाई ठसक्यात म्हणाल्या, “मग आमच्या आमटीचं काय?” उत्तर कोणी दिलं नाही.

शेवटी मामा आला मुद्द्यावर. म्हणाला, अशी जुनी भरलेली बाटली बाहेर शेकडो डॉलरना जाते, आणि मी द्यायला तयार आहे. अहो, काय सांगू तुम्हाला! हॉलमधली नाकंच बदलली एकदम. विहीणबाई, ज्यांना पेस्ट कंट्रोल आलं होतं, त्या रुमाल पर्समध्ये ठेवून म्हणतात, “नाही, तसा उंची आहे हं वास. मला दारातच जाणवलं.” बँकवाल्या वहिनींचा पदर कधीच खाली आला होता. त्या म्हणाल्या, “मी गाडीत म्हटलंच होतं, हे काही साधं नाही.” म्हटलंच होतं! मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मेव्हण्यांकडे पाहिलं.

कॅप्टन तर तयारच होते द्यायला. “घेऊन जा हो, मामा, मला ओल्ड स्पाइस पुरतं.” मामाचा चेहरा उजळला. आणि तेवढ्यात मागून कॅप्टनवहिनी, “ते विकायचं नाही.” बस, एवढंच. पण असा आवाज की वाढप्यांचे हातसुद्धा थांबले. मामाचा चेहरा, कॅप्टनचा चेहरा, सगळे एकदम खाली.

आता हे जे सांगते ना, ते फक्त मला ठाऊक आहे. हात धुवायला गेलो तेव्हा वहिनी बोलल्या. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, कॅप्टन तेव्हा सेकंड ऑफिसर. मार्सेला बोट लागली होती, तिथून घरी आले ते हा वास लावून. वहिनींनी विचारलं, “कोणी दिलं?” “मीच घेतलं.” आता तुम्ही मला सांगा, जो माणूस साबणाची वडी पार पापुद्रा होईपर्यंत वापरतो, तो स्वतःच्या पैशांनी फ्रेंच परफ्युम घेईल? वहिनींनी दुसऱ्याच दिवशी बाटली उचलली, पंचात गुंडाळली, आणि लोखंडी कपाटात पैठणीच्या खाली कोंबली. तेव्हापासून तिथेच. ना ऊन, ना उजेड, ना कोणाचा हात. परवा कॅप्टन टाय शोधायला गेले आणि पंचा हाती लागला.

हे मी मामाला सांगितलं... नाही हो, मार्सेचं नाही, कपाटाचं! तर तो वहिनींना हात जोडायचाच बाकी राहिला. त्या केर्लेओनंच म्हणे पुढे १९९० मध्ये व्हर्सायला जुन्या परफ्युमांचं संग्रहालय उभारलं, ऑस्मोथेक. तिथे बंद पडलेले वास अंधारात, १२ अंशांवर, बाटलीत आरगॉन वायू भरून ठेवतात, हवा लागू नये म्हणून. जे व्हर्सायला शास्त्र म्हणून करतात ते वहिनींनी नुसत्या संशयावर केलं! मी म्हटलं, वहिनी, मग आता तरी विश्वास बसला का, की त्यांनीच घेतलं होतं? तर म्हणतात कशा, “छे. पण एवढी वर्षं पहारा मी केला, आता माल मामांना देऊ?”

तेव्हापासून कॉलनीभर माळे साफ करायचं खूळ आलंय. बँकवाल्या वहिनींना सासऱ्यांची ब्रूटची हिरवी बाटली सापडली. आनंदानं दोन्ही मनगटांना चोपडलं, आणि मग कळलं, आत शिलाई मशीनचं तेल. आज सकाळी भेटल्या तर एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण हात मात्र चकचकीत दिसत होते.

आणि काल रात्री पुण्याहून विहीणबाईंचा फोन. याद्या करायच्या ना लग्नाच्या. म्हणाल्या, “बाकी मानपान तुमच्या मनाप्रमाणे. फक्त मामाला टॉवेल-टोपी नको, त्याला त्या बाटलीतलं पाच मिली हवंय.” कॅप्टनवहिनींनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं, खिडकी तर समोरच आहे. वहिनी म्हणाल्या, “देऊ की. पण टॉवेल-टोपीसुद्धा घ्यावी लागेल. टोपी घालून स्टेजवर बसले, की मांडवातच सिरिंजनं मोजून देते. पाचावर थेंब नाही.”

मामा तयार झालाय म्हणे. टोपीचं माप आलंय आज.