लाव्हाकाका

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीवर पाऊण तास काथ्याकूट झाला आणि शेवटच्या रांगेतून काका उठले. म्हणाले, "मुळात आपण राहतो ज्वालामुखीच्या बेटावर. हे कुणी लक्षातच घेत नाही."

सेक्रेटरींचं पेन मिनिटबुकावर थबकलं. खजिनदारांनी शांतपणे विचारलं, "मग त्याचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?" त्या संध्याकाळपासून बोरिवलीच्या आमच्या इमारतीत काकांचं नाव लाव्हाकाका पडलं. खरं नाव आता फक्त लाइटबिलावर येतं.

काका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची सेवापुस्तकं लिहिली, ज्येष्ठता याद्या केल्या, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे पाहून 'हिची रुजू तारीख काय' असा प्रश्न पडण्याची सवय घेऊन निवृत्त झाले. वय सदुसष्ट. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला शबनम आणि पँटच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा. चेनमध्ये पँट अडकू नये म्हणून लावलेला हा चिमटा सायकल नसतानाही असतो. परवा एका मुंजीत होता.

हे सगळं सुरू झालं तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यामुळे. ते मॉरिशसला जाऊन आले आणि आम्हाला चहाला बोलावून टीव्हीवर फोटो दाखवू लागले. "आम्ही ती टूरबिर काही घेतली नाही हं. सायकली भाड्याने घेतल्या आणि अख्खं बेट आपलं आपण पाहिलं. ज्वालामुखीचं बेट आहे ते." मग क्यूरपिपच्या विवराचा फोटो आला. गोल, हिरवागार खड्डा आणि काठावर वहिनी. काकांनी एकच प्रश्न विचारला. "वय काय याचं?" वहिनींना वाटलं, आपलं विचारताहेत. चहा जरा थंडच झाला.

अर्ध्या तासाने काका पुन्हा दारात. "ऐंशी-नव्वद लाख वर्षं! फार तर कोटभर धरा. आणि आपल्या पायाखालचा दगड? साडेसहा कोटी! तुमचं मॉरिशस अजून प्रोबेशनवर आहे."

दुसऱ्या दिवशी ते भाड्याच्या सायकलच्या शोधात निघाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांकडे स्वतःची सायकल आहे. मुलाने घेऊन दिलेली, एकवीस गिअरची. ती पॅसेजमध्ये जुन्या चादरीखाली उभी असते. ती का वापरत नाही असं विचारलं तर काका दयेने पाहतात. "अरे, स्वतःची सायकल घेऊन माणूस दळण आणायला जातो. बेट पाहायचं तर सायकल भाड्यानेच घ्यायची असते."

आता मुंबईत भाड्याची सायकल मिळणं सोपं राहिलेलं नाही. आमच्या लहानपणी दर नाक्यावर एक सायकलमार्ट असे. चार-आठ आण्यांत तास मिळे, भिंतीवर पाटी आणि पाटीवर खडूने नाव नि वेळ. तिथेच आम्ही आधी कैची आणि मग दांड्यावरून पाय टाकायला शिकलो. त्या पाट्या पुसल्या त्या पुसल्याच. पण काकांनी स्टेशनच्या मागच्या गल्लीत पंक्चरच्या दुकानात धूळ खात पडलेल्या चार काळ्या सायकली हुडकून काढल्या आणि दुकानदाराच्या गळी उतरवलं की तू भाड्याने सायकली देतोस. तो बिचारा तोवर फक्त पंक्चर काढत होता. शंभर रुपये रोज आणि रात्री आठला सायकल परत, असा करार झाला. आठनंतर दुसऱ्या दिवसाचं भाडं. ही अट काकांनीच घातली. अटीशिवाय करार त्यांना अश्लील वाटतो.

एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. पहाटे सहाला दुकानावर. मी सायकल घेऊन मोकळा झालो. काकांनी डायरी काढली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'माझ्या आधीपासून', उजवीकडे 'माझ्या काळात'. मग उकिडवे बसून तपासणी सुरू झाली. डाव्या पेडलचं रबर नाही, आधीपासून. मागच्या मडगार्डला पोचा, आधीपासून. सीटचं कव्हर उसवलेलं, त्यातून काथ्या बाहेर, आधीपासून. घंटी वाजवून पाहिली. खणखणीत वाजली. गल्लीतलं एक कुत्रं उठून बसलं. काकांनी लिहिलं, 'घंटी उत्तम', आणि पानाखाली दुकानदाराची सही घेतली.

"चाचा, साइकल लेनी है कि लड़की देखने आये हो?" तो म्हणाला.

निघालो. एस. व्ही. रोडने अंधेरीपर्यंत. लोकलने हे अंतर बारा किलोमीटर आहे. काकांच्या पद्धतीने किती होतं ते सांगता येत नाही, कारण काका कुठल्याही मार्गदर्शनाच्या विरुद्ध आहेत. मोबाइलचा नकाशा म्हणजे टूर गाइडच, फक्त पगार न घेणारा, असं त्यांचं मत. पण दर सिग्नलला ते रिक्षावाल्याला हाक मारून "अंधेरी सीधा ना?" विचारतात. मी म्हटलं, काका, हे विचारणंच झालं. "छे! मी विचारत नाही. पडताळून पाहतो."

वाटेत त्यांचं चालूच होतं. या बेटाचं नाव साष्टी. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं साल्सेत झालं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला समुद्र. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, झालंच तर ठाणे नि भाईंदर, सगळे बेटकरी. "आणि गंमत बघ. गावं सहासष्ट, आणि दगडाचं वय सहासष्ट दशलक्ष वर्षं! हा काय योगायोग म्हणायचा?"

"हो," मी म्हणालो.

काका कांदिवली संपेपर्यंत बोलले नाहीत.

मालाडला माझी सायकल पंक्चर झाली. काकांना आनंद झाला. फोर्टमधलं आपलं म्युझियम, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, त्याचा पिवळसर दगड या मालाडचा आणि काळसर निळा दगड कुर्ल्याचा. दोन्ही ज्वालामुखीचीच पोरं. "लोक तिकीट काढून आतल्या वस्तू बघतात. भिंतीकडे कुणी बघत नाही. आतल्या मूर्ती फार तर काही हजार वर्षांच्या. ज्येष्ठता कुणाची?" पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबत होता, बुडबुडे शोधत होता. त्याने मान हलवली. ती बुडबुडा सापडल्याबद्दल होती, पण काकांनी ती आपल्या खाती जमा केली.

ही ज्येष्ठता मोडून काढायचा एक प्रयत्न झालेला आहे. आमच्या समोरच्या विंगेत भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी एकदा काकांना गाठून समजावलं की साष्टी हे मॉरिशससारखं समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखी बेट नव्हेच. दख्खनभर लाव्हा पसरला, थरावर थर साचले, त्या पठाराच्या कडेचा हा तुकडा. भोवती खाड्या आल्या म्हणून बेट. तेव्हा ज्वालामुखीच्या खडकाचं बेट म्हणा, ज्वालामुखी बेट म्हणू नका. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पदनाम वेगळं. वेतनश्रेणी तीच ना?" प्राध्यापकांनी तेव्हापासून लिफ्ट सोडून जिना धरला आहे.

काकूंचं मत याहून सुटसुटीत आहे. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा यांना दिसतो. गॅसवर दूध उतू जातंय ते दिसत नाही."

अंधेरीला पश्चिमेच्या गल्ल्यांत शिरलो. तीन जणांकडून पडताळणी झाली, दोघांनी उलट दिशा दाखवली. आणि एका वळणावर इमारतींच्या मध्ये तो एकदम उभा राहिला. गिल्बर्ट हिल. दोनशे फूट उंच, काळाकभिन्न, सरळसोट. शेजारी टॉवर आहेत, पत्र्याची छपरं आहेत, वाळत घातलेल्या साड्या आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हा खांब. खरं तर एक खांब नव्हे, खांबांची जुडीच. उभ्या उभ्या कडांच्या पट्ट्या, एकीला एक चिकटलेल्या, मोळी बांधावी तशा.

"थंड झालेलं पिठलं पाहिलंस?" काका हळू आवाजात म्हणाले. "निवलं की आक्रसतं आणि भेगा पडतात. लाव्हाचंही तसंच. वरून निवत गेला, आक्रसला, भेगा खाली खाली उतरल्या आणि हे पाच-सहा बाजूंचे खांब झाले. अमेरिकेत वायोमिंगला असाच डोंगर आहे, डेव्हिल्स टॉवर. १९०६ साली त्यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक करून टाकलं. आणि हा? खाणवाल्यांनी चहूबाजूंनी पोखरला. महापालिकेच्या वारसा यादीत आला तो २००७ साली. साडेसहा कोटी वर्षं सेवा आणि कायम कधी केला, तर २००७!"

सायकली खाली नारळवाल्याकडे ठेवल्या. काकांनी त्याच्याकडूनही डायरीत सही मागितली. त्याने नारळ सोलायच्या कोयत्यानेच नकार दिला. दगडात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेलो. वर गावदेवीचं देऊळ, थोडी झाडं, गार वारा. बायका ओटी भरून परतत होत्या. काकांनी देवीला नमस्कार केला, कठड्याशी गेले आणि शबनममधून होकायंत्र काढलं. समुद्र कुठे, खाडी कुठे, कान्हेरीचा डोंगर कुठे, हे मला दाखवू लागले. धुरक्यात मला इमारतींशिवाय काही दिसेना. पण ते बोट दाखवत होते, आणि त्या बोटाच्या टोकाला खरोखर चारी बाजूंनी पाणी असावं असं क्षणभर वाटलं.

खाली उतरताना त्यांनी कातळाला तळवा लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. एकही आकडा नाही, तारीख नाही. मी काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "गरम आहे रे."

"उन्हाने, काका."

"ते मला कळतं," ते म्हणाले, आणि हात मात्र काढला नाही.

परतताना महाकालीच्या लेण्यांना वळसा घालायचं त्यांनी परस्पर ठरवलं, म्हणजे अंधेरी पूर्व. मग जोगेश्वरी. तीही लेणी ज्वालामुखीच्याच दगडातली. काकांच्या मते महाकालीची लेणी खोदणारे बौद्ध भिक्षू साष्टीवरचे पहिले स्वतंत्र प्रवासी. पॅकेज नाही, बुकिंग नाही. जागा आवडली की छिन्नी काढायची आणि खोली खोदून घ्यायची. कान्हेरीला तर शंभराच्या वर खोल्या आणि दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. "आणि एकही टाकं गळत नाही," काका म्हणाले. सभेतला मुद्दा त्यांनी सोडलेला नव्हता. (कान्हेरीला आम्ही त्याच्या आधी गेलो होतो. तो सोमवार निघाला. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. गेटावरच्या रखवालदाराला काकांनी डोंगराची रुजू तारीख सांगून पाहिली.)

जोगेश्वरीच्या खड्ड्यात माझे सगळे सांधे वाजले आणि काकांच्या सायकलवरून काहीतरी टणकन उडालं. थांबून शोधलं. रिक्षांच्या चाकांमधून काका वाकून वाकून पाहत होते, मागे अख्खा रस्ता हॉर्न वाजवत होता. सापडलं नाही. पुढे वाहतूक तुंबली. बोरिवलीला पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुकानदार स्टुलावर बसून वाट बघत होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "दस मिनट ऊपर, चाचा. दूसरे दिन का सौ."

काका सायकल स्टँडवर लावून ताठ उभे राहिले. "गिल्बर्ट हिलचं वय काढताना पाच-दहा लाख वर्षं इकडची तिकडे झाली तर शास्त्रज्ञ चालवून घेतात. आणि तू दहा मिनिटं धरून बसतोस?"

"शर्त आप ने रखी थी।"

हे मात्र खरं होतं. काकांनी डायरी उघडली, अट वाचली, खाली आपलीच सही पाहिली. पुन्हा वाचली. मग पान उलटलं, उजव्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं आणि डायरी त्याच्यापुढे धरली. 'घंटीचं झाकण. जोगेश्वरी. माझ्या काळात.'

दुकानदाराने वाकून हँडल पाहिलं. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"घंटीचे किती?" काकांनी विचारलं.

"तीस."

काकांनी तीस मोजले, शंभराची नोट त्यावर ठेवली, सही घेतली. मग वाकून पायाचा चिमटा नीट केला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी उत्तर टोकाला जायचंय. घोडबंदरला. नवी घंटी बसवून ठेव, म्हणजे ती 'आधीपासून'मध्ये येईल."