चौकोनभाऊ

रिठदच्या कोणत्याही लग्नात मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून एक पोरगा पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढत बसलेला दिसला, तर तो आमचा चौकोनभाऊ समजावा. चौकोनाचे तीन खण. वर नाव, मध्ये माहिती, खाली कामं. 'नवरदेव' तयार झाला की त्यातून एक रेघ निघते, 'नवरी'च्या चौकोनाला टेकते आणि रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक अक्षरात १ पडतो. मग 'पाहुणा' नावाचा चौकोन. त्याच्या टोकाला आकडा नाही, फुली मारल्यासारखा एक तारा, म्हणजे कितीही. जेवणाचा अंदाज दरवर्षी चुकतो तो या ताऱ्यामुळे, असं तो आचाऱ्याला समजावून सांगतो. आचारी काही बोलत नाही. त्याच्या हातात झारा असतो.

गडी मूळचा हुशार. पुण्याला हिंजवडीत नोकरी. कोरोनात लॅपटॉप घेऊन गावी आला आणि तेव्हापासून वर्षातला निम्मा काळ इथेच, गच्चीवर, रेंज येते त्या कोपऱ्यात. रिसोड तालुक्यातलं आमचं गाव सोयाबीन-तुरीचं. इथे माणूस गच्चीवर दिवसभर बसून राहिला तर लोक एक तर वाळवण राखतोय समजतात, नाही तर डोक्यावर परिणाम झालाय समजतात. त्याच्या बाबतीत गावात दोन तट आहेत.

त्याचा धंदा काय, हे त्याच्याकडूनच ऐकावं. "गाव नमुना सातचा कोरा कागद म्हणजे क्लास, अन् तुमच्या गटाचा भरलेला उतारा म्हणजे ऑब्जेक्ट. कागद एक, उतारे हजार." इथपर्यंत पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पटतं. पुढे तो ऑस्लोला जातो. तिथल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा रचली, तेव्हा त्यांच्यासमोर जी उदाहरणं होती त्यांतलं एक टोलनाक्याचं होतं. ट्रक, बस, मोटारी, सगळ्या रांगेत. मग या सगळ्यांत सारखं काय आणि वेगळं काय? त्यातून क्लास आला आणि एका क्लासनं दुसऱ्याचे गुण उचलणंही आलं. दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. टोलनाक्याच्या रांगेत आपल्याकडेही माणसाला पुष्कळ सुचतं, पण त्याला पुरस्कार नाही.

चौकोनभाऊचा जीव मात्र चौकोनांपेक्षा हिऱ्यांत जास्त. यूएमएल म्हणून आकृत्यांची एक लिपी आहे; बूच, रम्बॉ आणि याकोब्सन या तिघांनी आपापल्या तीन पद्धती एकत्र करून ती बांधली, १९९७ साली ती प्रमाण ठरली. तिच्यात रेघेच्या टोकाला भरलेला हिरा काढला तर अर्थ असा, की मालक गेला की भागही गेला. पोकळ हिरा काढला तर मालक गेला तरी भाग राहतो. घर आणि खोली, भरलेला हिरा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, पोकळ. बोलताना तो दोन्ही हातांची तर्जनी आणि अंगठा जुळवून हिरा करून दाखवतो, आणि भरलेला असेल तर डोळे मिटतो. एकदा जेवताना मायनं विचारलं, "भाजीतलं मीठ कोणतं रे, भरलेलं का पोकळ?" त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. भाकर गार झाली.

या माणसाच्या काकाकडे सोयाबीनचा थ्रेशर आहे, आणि त्याचं शिक्षण खरं तिथे झालं.

हंगामात थ्रेशर एका वावरातून दुसऱ्या वावरात फिरतो. पोत्यामागे दर, निम्मी उधारी, हिशेब काकाच्या लाल वहीत. पुतण्यानं ठरवलं, काकाला ॲप करून द्यायचं. गच्चीवर आठवडाभर चौकोन काढले. सगळ्यात वर 'माणूस', त्याच्याखाली त्रिकोणी बाणांनी लोंबकळणारे 'शेतकरी', 'मजूर', 'दुकानदार'. शेतकरी हा माणूस आहे, मजूर हा माणूस आहे. पुस्तकात कुत्रा हा प्राणी आहे, मांजर हा प्राणी आहे, तसंच. आकृती सुरेख दिसत होती. मग त्यानं वहीतलं पहिलंच नाव भरायला घेतलं.

तो गृहस्थ पाच एकर शेतकरी. स्वतःची सोंगणी उरकली की दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातो. फाट्यावर त्याची पानटपरी आहे. ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. एकादशीला भजनी मंडळात पेटीही वाजवतो. आता याला कोणत्या चौकोनात घालायचं? जावा भाषेत (१९९५ सालची, सन कंपनीची) वस्तू ज्या क्लासची म्हणून जन्मते त्याच क्लासची म्हणून मरते, आणि एका क्लासला दोन बाप चालत नाहीत. सी प्लस प्लसमध्ये चालतात, पण तिथे दोन्ही बापांचा बाप एकच निघाला की वाटणीचा जो घोळ होतो त्यालाही त्या धंद्यात हिऱ्याचंच नाव आहे. तेव्हा चौकोनभाऊनं 'शेतकरीमजूर' असा क्लास केला, मग 'शेतकरीटपरीवाला', मग 'मजूरसदस्य'. पाच कामांच्या सगळ्या जोडण्या धरल्या तर ३१ क्लास होतात. एकोणीस झाले तेव्हा काका गच्चीवर चहा घेऊन गेले.

"काय करून रायला?"

त्यानं सांगितलं.

काकांनी आकृती पाहिली, उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. "अबे, माणूस एकच हाय. सकाळी वावरात रायते, दुपारी टपरीवर. तू त्याचे एकतीस तुकडे कायले करून रायला? माणूस ठेव एक, अन् त्याले कामं जोड. सुटलं काम तं काढून टाक."

चौघांनी मिळून लिहिलेलं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक १९९४ साली आलं. गुण वारशानं घेण्यापेक्षा वस्तूला वस्तू जोडून काम भागवा, हा त्यातला मोठा सल्ला. तो पचवायला या धंद्यातल्या लोकांना वर्षं लागली. काकांनी चहा निवायच्या आत सांगितला आणि खाली गेले, कारण थ्रेशरचा पट्टा सरकला होता.

बरं, एवढ्यानं तरी सुटावं! पुढचा फटका बटईचा. त्यानं 'वावर' चौकोनात 'मालक' म्हणून एक खण ठेवला होता. काकाची वही सांगत होती: वावर एकाचं, पेरलं दुसऱ्यानं बटईनं, सोंगणीचे पैसे पेरणाऱ्यानं दिले, थ्रेशरचे दोघांनी निम्मे, त्यातले मालकाच्या वाट्याचे अर्धे त्याच्या जावयानं फोनवरून पाठवले. सातबारा काढून पाहिला तर मालक एक नव्हताच. एका गटात चार भाऊ, दोन बहिणी, प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, शिवाय इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा आणि विहिरीतल्या पाण्याची पाळी. त्यातल्याच एका भावाचं नाव आणखी तीन गटांत. एका वावराला अनेक माणसं, एका माणसाला अनेक वावरं. रेघेच्या दोन्ही टोकांना तारे.

इथे त्याला जे उमगलं ते मला फार आवडतं. एवढी वर्षं तो चौकोनांना मान देत होता आणि रेघ म्हणजे नुसती रेघ समजत होता. वहीत एकही चौकोन नव्हता. काकांनी माणसाची माहिती कधी लिहिलीच नव्हती; नावंसुद्धा 'खालच्या आळीचा', 'सावकाराचा साळा' अशी. लिहिला होता तो व्यवहार: तारीख, कोणाचं वावर, किती पोती, कोणाकडून किती आले, किती राहिले. म्हणजे गावानं रेघेलाच चौकोन केलं होतं. तलाठ्याकडेही हाच प्रकार. नमुना सात जमिनीकडून पाहतो, आठ-अ खातेदाराकडून पाहतो, आणि दोघांच्या मधलं काय बदललं, कधी आणि कशानं बदललं, ते नमुना सहात, फेरफाराच्या वहीत. यूएमएलमध्ये रेघेला चौकोन जोडायची सोय आहे, पण फेरफाराची वही त्या तिघांच्या कितीतरी आधीची आहे.

या ज्ञानानं तो इतका फुलला, की घरच्या विजेच्या बिलावर उतरला. बिल अजून आजोबांच्या नावानं येतं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. जावामध्ये एक सफाईवाला असतो; ज्या वस्तूकडे पोचणारी एकही रेघ उरली नाही ती तो गुपचूप उचलून नेतो. चौकोनभाऊनं घरच्यांना बसवून दाखवलं, की आजोबांकडे अजून तीन रेघा येतात: विजेचं मीटर, सोसायटीतला शेअर आणि विहिरीतला हिस्सा. "म्हणून सफाईवाला येते अन् परत जाते." आजी माळ ओढत ऐकत होती. म्हणाली, "बरं करते. राहू दे त्यायले."

त्याचं लग्न जमत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. स्थळं येत, मुलगी चहा घेऊन येई, आणि हा बशीखालच्या कागदावर चौकोन काढू लागे. शेवटी हिंगोलीकडचं एक स्थळ आलं, मुलगी एम.सी.ए. झालेली. त्यानं सवयीनं दोन चौकोन काढले, मध्ये रेघ, दोन्हीकडे १. तिनं कागद स्वतःकडे फिरवून घेतला.

"बाण नाही काढला. कोण कोणाला ओळखणार, हे कसं कळायचं?"

त्यानं घाईनं दोन्ही टोकांना बाण काढले.

"अन् हिरा?"

"नाही," तो म्हणाला. "कोणी कोणाचा भाग नाही."

"मग लग्नाची तारीख कोणाच्या चौकोनात लिहिणार, तुमच्या का माझ्या?"

असल्या प्रश्नावर पूर्वीचा चौकोनभाऊ डोळे मिटून बसला असता. थ्रेशरचा हंगाम काढलेल्या चौकोनभाऊनं रेघेच्या मधोमध तिसरा चौकोन काढला आणि त्यात 'लग्न' लिहिलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, पोरगा काही तरी अघोरी करतोय. मुलीनं होकार दिला. आता त्याच्या आकृत्या ती तपासते आणि लाल पेनानं खोडते, असं माय सांगते. सांगताना तिचा चेहरा समाधानी असतो.

ॲप चालू आहे. त्यात 'माणूस' चौकोनाला फक्त नाव आणि मोबाइल आहे. बाकी सगळं व्यवहारांत आणि हिश्श्यांत. काका अजून लाल वहीतच लिहितात आणि रात्री पुतण्या ते मोबाइलवर चढवतो. दोन्हींचा मेळ बसला नाही तर वही बरोबर धरतात.

सॉफ्टवेअर कंपन्यांना माझी एक विनंती आहे. नव्या पोरांना बंगळूर-हैदराबादला प्रशिक्षणाला पाठवता, ते पाठवा. पण त्याआधी सोयाबीनच्या हंगामात पंधरा दिवस रिठदला थ्रेशरमागे उभं करा, आणि पुढचे पंधरा दिवस तलाठ्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसवा. राहायची सोय गाव करेल. जेवणाचा आकडा मात्र आधी नक्की कळवा. तारा चालणार नाही.