अप्पांचं अजून ठरत नाही

अप्पा गूगल सोडणार आहेत. "आता बदलायलाच हवं," असं ते ओट्यावर बसून जाहीर करतात आणि त्याला लागूनच म्हणतात, "पण घाई नाही."

उभी नोकरी बोईसरच्या एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलला गेली. सफाळ्याहून सकाळची शटल धरायची आणि दिवसभर मालात खोट काढायची, याचा तेव्हा पगार मिळे. निवृत्तीनंतर तेच काम ते दातिवऱ्यात फुकट करतात. पापलेट घेताना कल्ले उचलणार, पोट दाबणार, शेजारच्या पाटीतल्याचंही दाबणार आणि शेवटी काकूंनी सांगितलेले बोंबीलच घरी आणणार. शेगडी बदलायला त्यांनी इतका वेळ लावला की पसंत पडलेलं मॉडेल तोवर बंद झालं. "बघा," अप्पा समाधानाने म्हणाले, "घेतली असती तर?"

तर अशा माणसाच्या हाती ऑगस्ट 2024 मध्ये एक बातमी लागली. अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने सर्चच्या धंद्यातली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली. त्याच खटल्यात उघड झालं होतं की फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं, म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 2,630 कोटी डॉलर मोजले. अप्पा चपला न घालताच आमच्याकडे आले. "म्हणजे मी निवडलंच नाही! फोनबरोबर आलं ते चालवत बसलो! मी!" मक्तेदारीचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं. आपण सॅम्पल न तपासता माल पास केला, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्या दिवशी नातवाची अर्धी कोरी वही कामाला लागली. दुपारचा चहा झाला की चष्मा पुसायचा, वही उघडायची, फोन मांडीवर घ्यायचा आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करायचं. मराठीत. जोडाक्षर चुकलं तर सगळं पुसून पहिल्यापासून.

पहिली पाळी डकडकगो या सर्च इंजिनची. 2008 पासून चालू आहे, आपला माग ठेवत नाही, हे अप्पांना फार आवडलं. आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते. मग कुठेतरी वाचलं की त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. वहीत लाल शाईची फुली. नंतर जर्मनीचं इकोसिया, नफ्यातून झाडं लावणारं. "सर्च केलं की झाडं लागतात," अप्पा आत बघून मोठ्याने म्हणाले. आतून काकू: "आधी वाडीतल्या पोफळींना पाणी लागू दे." शिवाय इकोसियाचीही मदार वर्षानुवर्षं बिंगवरच. "एकाच गोठ्यातलं दूध, बाटल्या निरनिराळ्या," अप्पांनी शेरा मारला. ब्रेव्हचा निकालांचा साठा स्वतःचा आहे हे कळल्यावर चेहरा उजळला, पण लगेच पुढची शंका आलीच: "टिकेल का?"

या शंकेला इतिहास आहे. पालघरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून अप्पा नेट शिकले ते अल्टाव्हिस्टावर. 1995 साली निघालेलं ते सर्च इंजिन 2013 मध्ये कायमचं बंद झालं. अप्पांनी कधीच सोडलं होतं, तरी सुतक पाळल्यासारखे वागले. जाहिराती न दाखवता वर्गणीवर चालणारं नीव्हा तर गूगलमधल्याच बड्या अधिकाऱ्याने काढलेलं. 2023 मध्ये तेही आटोपलं. वहीत त्या नावाखाली एकच शब्द आहे: वाचलो.

जुलै 2025 मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय सर्चची पैसे भरून मिळणारी सेवा वर्षभर मोफत देऊ केली. अख्ख्या आळीने बटण दाबलं. अप्पा अटी वाचत बसले. "फुकट कोण देतं?" हा प्रश्न त्यांनी पर्प्लेक्सिटीलाच विचारला, आमच्या फोनवरून.

अप्पांची कसोटीही ठरलेली. सगळ्यांना एकच प्रश्न: दातिवरे, आजची भरती किती वाजता? वैतरणेच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाने दुसरं काय विचारावं? एकाने मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ दिली. दुसऱ्याने नम्रपणे सुचवलं की तुम्हाला दातिवली म्हणायचं असेल, आणि अप्पांना थेट दिव्याजवळच्या स्टेशनावर नेऊन सोडलं. तिसऱ्याने समुद्रस्नानाचे फायदे सांगितले. अप्पा सगळं वहीत उतरवत होते. तेवढ्यात सुकटीची पाटी घेऊन आलेली मावशी ओट्यावर टेकली. "काय शोधता, अप्पा?"

"भरती."

"आज चौथ ना? तीनला."

हा इथला जुना हिशेब. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अवसेपुनवेला बाराच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतं, पण होडी अडत नाही. अप्पांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी तपासली, पाऊणपटीचा गुणाकार वहीच्या समासात करून बघितला आणि मावशीच्या नावाने नवा रकाना आखला. त्या रकान्यात आजवर एकही लाल फुली नाही. "पण ती विमानाचं तिकीट शोधून देणार नाही," अप्पा म्हणतात. तेवढी न्यायबुद्धी त्यांच्यात आहे. अप्पा आजवर विमानात बसलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आम्ही त्यांना हसतो. पण आळीत कुणालाही विचारा, तू कोणतं सर्च इंजिन वापरतोस आणि का? पहिल्याचं उत्तर मिळेल, दुसऱ्याचं नाही. कोण कुणाकडून निकाल उसने घेतो, कोण कधी बुडालं, कोण आपलं काय टिपून ठेवतो, हे या गावात एकट्या अप्पांना माहीत आहे. आणि हे सगळं ते ज्यावरून शोधून काढतात, ते अर्थात गूगल.

निर्णय दिवाळीनंतर आहे. कुठली दिवाळी ते विचारू नका. आणि त्यांची भेट झालीच, तर एवढी कृपा करा: सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागतं आणि नाही पटलं तर तितक्याच वेळात परत फिरता येतं, हे त्यांना सांगू नका.