दोनच दिवस ठेवू या

शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या पेट शॉपमध्ये तीन माणसं असतात. गल्ल्यावर शेठ, काउंटरमागे ताई, आणि आत बादली-फडकं घेऊन वावरणारा एक पोरगा. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, पण त्याची चाहूल लागली की सगळे पिंजरे उठून बसतात. या तिघांतली ताई हा आपला विषय. ताई म्हटलं ते सोयीसाठी. याच स्वभावाचे दादाही असतात, फक्त ते रडत नाहीत, भांडतात. ताईला पगार मिळतो तो डॉग फूडच्या पिशव्या, गळपट्टे आणि माशांच्या टाकीतले प्लॅस्टिकचे शिंपले विकण्याचा. तिच्या मते ही तिची वरवरची नोकरी. खरी नोकरी तिला थेट वरून मिळालेली आहे आणि तिथे रजेचा अर्ज चालत नाही. तिच्या ओढणीवर किमान तीन रंगांचे केस असतात, पर्समध्ये रुमालाच्या घडीत मांजरांचं सुकं खाणं असतं. फोनमध्ये नवऱ्याचा एकच फोटो, तोही मागे बोका चांगला आलाय म्हणून ठेवलेला. ही ताई सकाळी शटर वर जायच्या वेळी बुटांचा खोका छातीशी धरून येते. खोक्याला भोकं पाडलेली असतात, आतून बारीक आवाज येत असतो, आणि शेठने काही विचारायच्या आत ताई म्हणते, “शेठ, दोनच दिवस.”

हे ‘दोन दिवस’ ना इंग्रजी तारखेत बसतात, ना तिथीत. पहिल्या दिवशी खोका काउंटरखाली असतो. दुसऱ्या दिवशी तो गोदामात जातो, कारण गिऱ्हाइकाच्या पायाला काहीतरी मऊ लागून गिऱ्हाईक ओरडलेलं असतं. मग खोक्याचा पिंजरा होतो. हा पिंजरा विक्रीचा असतो. त्याच्यावरची किमतीची चिठ्ठी ताईने अर्धवट खरवडलेली असते. आठवड्याने पिंजरा बाथरूममध्ये आणि बाथरूमला जाणारी माणसं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे, अशी व्यवस्था लागते. दरम्यान ताईने पिल्लाचं बारसं उरकलेलं असतं. एकदा जनावराला नाव मिळालं की दुकानात कूळकायदा लागू होतो, आणि मग ‘ते बाहेर कधी काढायचं’ असं विचारणारा माणूस राक्षस ठरतो. शेठ राक्षस, कारण त्याला धंदा दिसतो. बाहेरून येणारा ग्रुमिंगवाला राक्षस, कारण टेबल अडलंय म्हणून तो कुरकुरतो. पोरगा तेवढा राक्षस नाही, कारण त्याला कोणी काही विचारलेलंच नाही.

मांजर-कुत्र्यापर्यंत हे थांबलं तरी बरं. संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पंख कापलेली घार याच दुकानात येते आणि बजरीगरांच्या पिंजऱ्याशेजारी खोक्यात बसून त्यांच्याकडे एकटक बघते. दोन तासांत सगळे बजरीगर मुके होतात. घार, चांदणी कासव, आपला साधा हिरवा पोपट हे वन्यजीव आहेत, त्यांना १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि जखमी पक्षी सापडला तर वनखात्याला कळवायचं असतं. ताईला हे माहीत नसतं असं नाही. पण तिच्या मते कायदा हा क्रूर माणसांसाठी असतो. परवाना मात्र शेठच्या नावावर असतो, आणि वनखात्याचा माणूस आलाच तर तो ओढणीवरचे केस बघून माघारी जात नाही.

अशा दुकानात जे रोजचं भांडण होतं, ते बाहेरून बघणाऱ्याला दया विरुद्ध नफा असं वाटतं. ताईही ते तसंच सांगते, आणि सांगण्यात ती शेठपेक्षा फार वरचढ असल्यामुळे व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर ती रोज जिंकते. माझ्या मते हे भांडण दयेचं नाहीच, कामाचं आहे: आणायचं एकाने आणि निस्तरायचं दुसऱ्याने, याचं. चार आठवड्यांच्या आतल्या मांजराच्या पिल्लाला दर दोन-चार तासांनी दूध लागतं. गाईचं चालत नाही, हगवण लागते. पिल्लांसाठीची वेगळी पावडर कोमट पाण्यात कालवून द्यावी लागते. दूध पाजलं की ओल्या कापसाने पुसून त्याला शू करवावी लागते, कारण ते अजून स्वतःहून जमत नाही. शटर रात्री नऊला पडतं हे पिल्लाला कळत नाही. कुत्र्याच्या पिल्लाचा मामला त्याहून वाईट. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लात पार्व्हो असेल तर ते पहिले काही दिवस ठणठणीत दिसतं, शेपूट हलवतं, फोटोला उभं राहतं. उलट्या आणि रक्ताची हगवण नंतर सुरू होते. पण विषाणू विष्ठेतून त्याच्या आधीपासूनच बाहेर पडायला लागलेला असतो, आणि तो फरशीच्या फटीत, चपलेच्या तळाला, बादलीच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतो. काउंटरवर सगळे हाताला चोळतात त्या सॅनिटायझरने तो मरत नाही. ब्लीच लागतं, तेही आधी घाण पूर्ण काढून मग काही मिनिटं ओलं ठेवून. हे कोण करतं? पोरगा. पिल्लू चावलं तर ज्याला रेबीजसाठी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागतं तो कोण? पोरगाच. ताई त्या वेळी पिल्लाचा नवा फोटो टाकत असते, आणि त्याखाली लोक लिहीत असतात, ‘ताई, तुम्ही देवमाणूस आहात.’

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: मग काय पिल्लू गटारात मरू द्यायचं? प्रश्न रास्त आहे, आणि विचारताना ताईचा आवाज खरोखरच कापत असतो. पिल्लू उचलणं चूक नाहीच. पण हा प्रश्न ज्याला विचारायला हवा तो माणूस दुकानात नसतो. तो सकाळी फिरायला निघालेला असतो, त्याला पिल्लाचं केविलवाणं ओरडणं ऐकू येतं, त्याचं मन द्रवतं, आणि तो ताईला फोन करतो. ‘ताई, इथे एक पिल्लू आहे हो, बघवत नाही. लोकेशन पाठवलंय.’ लोकेशन पाठवलं की त्याची दया पुरी होते आणि तो ऑफिसला जातो. याचाच मोठा भाऊ म्हणजे बदली झाली, बाळ झालं किंवा सोसायटीचं पत्र आलं म्हणून तीन वर्षांचं पर्शियन मांजर टोपलीसकट दुकानाच्या पायरीवर ठेवून जाणारा. तोही स्वतःला प्राणीप्रेमी समजतो. प्राण्यांचं दुकान शोधून तिथे ठेवलं, देवळापाशी नाही, हा त्याच्या प्रेमाचा पुरावा. ताईचं घर तर कधीच भरलेलं आहे. घरमालकाने तिला दोन नोटिसा दिल्या आहेत, आणि मदतीला फोन करावा असं महापालिकेचं जे काही आहे तिथला फोन वाजत राहतो. म्हणून खोका दुकानात येतो. या साखळीत प्रत्येक जण आपल्या हातातलं पुढच्याच्या हातात देतो आणि मोकळ्या हातांनी पुण्य मोजतो. फोनवाल्याने ताईवर जे केलं तेच ताई पोरावर करते. फरक एवढाच, की ताईला निदान ‘ठेवशील का’ असं विचारलेलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शेठ कोण लागून गेला स्वच्छतेची भाषा करणारा? त्याच्याच दुकानात लॅब्राडोरची पिल्लं कुठून येतात? गावाबाहेरच्या ब्रीडरकडून, दूध सुटायच्या आधीच, कधी टेम्पोत तर कधी एसटीच्या डिकीत. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांनी मनाई केली. २०१८च्या पेट शॉप नियमांनी दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, पिंजऱ्यांची मापं, जनावरांच्या नोंदी हे सगळं सक्तीचं केलं. यातलं किती पाळलं जातं हे शेठच्या कपाळावरच्या आठ्या सांगतात. एरवी पार्व्होचा उच्चारही न करणारा शेठ ताईचा खोका दिसला की एकदम पशुवैद्य होतो: क्वारंटाइन, इन्क्युबेशन, झूनॉटिक असे शब्द त्याच्या तोंडातून भराभर बाहेर पडतात. ही ढोंगबाजी आहे हे मान्य. पण विषाणूला ढोंगी आणि सज्जन यातला फरक कळत नाही. विकत आणलेलं पिल्लू आणि वाचवून आणलेलं पिल्लू शेजारी ठेवली तर रोग दोघांना सारखाच लागतो, आणि बऱ्याचदा वाचवलेल्यालाच आधी, कारण ते उपाशी, जंतांनी पोखरलेलं आणि लस न घेतलेलं असतं. शेठ खोटारडा असेल, पण त्याचं वाक्य तेवढ्यानं खोटं होत नाही. ताईला हे पटत नाही. ती वाक्याकडे न बघता बोलणाऱ्याकडे बघते. आपल्याकडे बहुतेक वाद याच पद्धतीने होत असल्यामुळे एकट्या तिला दोष देता येत नाही.

तिसरा आक्षेप ताई फोन समोर धरूनच मांडते: अमेरिकेत बघा, तिथे दुकानांत रेस्क्यू केलेलीच जनावरं ठेवतात, कायदाच आहे! आहे खरा, किंबहुना होता. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९ पासून असा नियम केला की पेट शॉपने कुत्री, मांजरं आणि ससे विकायचे तर ते सरकारी आसरागृहातून किंवा रेस्क्यू संस्थेकडूनच आणलेले हवेत, संस्थेशी करार हवा, आणि पिंजऱ्यावर जनावर कुठून आलं त्याची पाटी हवी. पुढे काय झालं? पाटीला किंमत येताच पाटी रंगवणारे निघाले. नावापुरत्या ‘रेस्क्यू’ संस्था उभ्या राहिल्या आणि पैदास केंद्रांतली पिल्लं वाचवलेली म्हणून भारी दराने विकली जाऊ लागली. शेवटी २०२१ पासून कायदा बदलला: दुकानाने ही जनावरं विकायचीच नाहीत, हवं तर संस्थेला दत्तक देण्यासाठी जागा द्यायची, आणि त्या जागेचा एक पैसाही घ्यायचा नाही. ताई या कथेतलं पहिलं वाक्य वाचते आणि फोन बंद करते. पण तिच्या उपयोगाचं सगळं पुढच्या वाक्यांत आहे. तिथे जनावर ‘ठेवू या’ म्हणून येत नाही. ते कोणाचं, ही जबाबदारी आधी कागदावर ठरते आणि मग त्याला दुकानात जागा मिळते.

आणि हे शिकायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. मुंबईत १८३२ साली रस्त्यावरची कुत्री मारायचा सरकारी हुकूम निघाला, बक्षिसाच्या आशेने कुत्री मारली जाऊ लागली, पारशी समाज खवळला आणि शहरात दंगल झाली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापाऱ्यांनी मिळून पांजरपोळ काढली. ही सगळी व्यापारी माणसं. त्यांची गोदामं होती, पेढ्या होत्या, आणि ‘दोनच दिवस’ म्हणत कुत्री पेढीच्या पोटमाळ्यावर चढवणं त्यांना सहज जमलं असतं. मुनीम नाही म्हणाला नसता. त्यांनी जागा वेगळी घेतली, पैसा घातला आणि माणसं नेमली. धंदा करणाऱ्याला दया येत नाही, हा ताईचा सिद्धांत या एका उदाहरणावर आडवा होतो. पण मुद्दा तो नाही. त्यांच्या दयेला पत्ता होता आणि तिथे झाडणाऱ्याला पगार होता, मुद्दा हा.

ताई वाईट नाही. तीच नसती तर शहरातली निम्मी पिल्लं पहिला पावसाळा बघती ना, आणि शेठचं दुकान चालतं तेही थोडंफार तिच्या जिवावरच: गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला खरूज आहे की गोचीड, हे ती दारातूनच ओळखते, आणि लोक शेठवर नाही, तिच्यावर विश्वास ठेवून महागाची पिशवी नेतात. म्हणून तिला हाकलून देणं हा उपाय नाही आणि शेठने दारावर लावलेली ‘रेस्क्यू केलेले प्राणी आणू नयेत’ ही पाटीही नाही. त्या पाटीखाली दुसऱ्या दिवशी टोपली ठेवलेली असते. उपाय फार साधा आणि म्हणूनच कोणी न केलेला आहे. महिन्यातला एक रविवार दत्तक देण्यासाठी राखायचा. त्या दिवशी व्हेटने तपासलेली, लस झालेली जनावरं संस्थेच्या माणसांनी आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची. मधल्या काळात एखादा खोका आलाच, तर तो आत घेण्याआधी एक कागद भरायचा: जनावर बाहेर जायची तारीख, व्हेटचा खर्च कोणाचा, रात्रीचं दूध कोण पाजणार, साफसफाई कोण करणार. शेठला ही कल्पना आवडते, कारण कागद आला की नाही म्हणणं सोपं जातं. ताईलाही आवडते, कारण कागद आला की हो म्हटल्यासारखंच झालं. ती उत्साहाने पेन काढते. तारखेच्या पुढे ‘लवकरच’ लिहिते, खर्चाच्या पुढे ‘देणगीतून’ लिहिते, दुधाचा रकाना ‘बघू’ म्हणून सोडून देते, आणि साफसफाईपाशी आल्यावर मान वर न करता आतल्या दिशेने ओरडून विचारते, “अरे, तुझं आडनाव काय रे?”